उरलेलं पाणी

चैत्र सरत आला होता. धामणखेडच्या बौद्धपुऱ्यात, सहदेव तायडेच्या घरामागे, सकाळी सातलाच कॅनांची रांग लागली होती. पत्र्याच्या खोलीत आरओचं मशीन घुमत होतं आणि सहदेवची सून धम्मशीला तोटीखालची कॅन सरकवत होती. तेवढ्यात मागच्या वावरातून भाऊराव आला. हातातलं मातीचं ढेकूळ त्यानं ओट्यावर ठेवलं. काळ्या ढेकळावर पिठासारखा पांढरा थर होता.

"बंद कर मशीन," तो म्हणाला.

"काऊन, काका?"

"काऊन म्हंते. चाखून पाय."

रांगेत अजून चौदा कॅन होत्या. धम्मशीलेनं मशीन बंद केलं नाही, सासऱ्याला हाक मारली. सहदेव आतून आला. बासष्टीचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, उतरताना भिंत धरायचा. त्यानं ढेकळाचा कोपरा मोडून जिभेवर ठेवला आणि थुंकला.

"खार हाये," तो म्हणाला. "चाल, दाखव मले."

दोघं नाल्यानं खाली गेले. मशीन बोअरचं पाणी ओढायचं. त्यातलं निम्म्याहून थोडं कमी गोडं होऊन टाकीत यायचं आणि उरलेलं, सगळी खार पोटात घेऊन, मागच्या नळीनं नाल्यात जायचं. गेल्या दिवाळीपासून जात होतं. नाला उथळ, बाजूला भाऊरावचं वावर. बांधाच्या पोटातून पाणी आत पाझरलं होतं आणि अंगणाएवढी जागा पांढरी पडली होती. उन्हात तिच्याकडं बघवत नव्हतं.

"दोन महिन्यानं पेरणी हाये," भाऊराव म्हणाला. "यात तूर उगवन का? तू सांग."

सहदेव वाकून बघत राहिला. "नाही उगवायची," तो म्हणाला.

भाऊराव तिथूनच पंचायतीकडं गेला.

धामणखेड खारपाणपट्ट्यातलं गाव. पूर्णेच्या काठची जमीन काळी, खोल, वरून बघावी तर सोनं. पण वीस हात खाली गेलं की पाणी खारट. चहात दूध फाटायचं. डाळ तासभर रटरटली तरी टणक राहायची. गावात मुतखडा नाही असं घर नव्हतं. वरच्या गावातल्या मंजुळाबाईचा मालक तर दोन वर्षं अकोल्याला रक्त धुवायला जाऊन गेला. त्यानंतर तिनंच बचत गटातल्या बारा बायांना गोळा केलं. प्रत्येकीनं आपला वाटा घातला आणि मशीन आणलं. सरकारी माणसानं गावातल्या नऊ बोअरचं पाणी तपासलं होतं. त्यातल्या त्यात कमी खारं निघालं ते सहदेवच्या घरामागचं. सहदेवची बायको केसरबाई गटात होती. तिच्याकडं घालायला काही नव्हतं, तिनं मशीनपुरती जागा दिली. तोच तिचा वाटा.

बौद्धपुऱ्यात पाण्याला यायचं म्हटल्यावर वरच्या गावातल्या काही बाया पहिले आठ दिवस आल्याच नाहीत. आल्या तेव्हा कॅन आपली आपण तोटीखाली ठेवायच्या, आपणच उचलायच्या. पण वीस लिटरची भरलेली कॅन एकटीनं डोक्यावर चढत नाही. हात द्यायला माणूस लागतं. तो हात धम्मशीला द्यायची. महिनाभरात ती गोष्ट कुणी बोलेनासं झालं.

त्याच दुपारी पंचायतीच्या सभामंडपात माणसं जमली. भाऊरावनं ढेकूळ टेबलावर ठेवलं. सहदेव खांबाला टेकून उभा होता. गुडघ्यामुळं त्याला खाली मांडी घालता येत नव्हती आणि खुर्ची कुणी पुढं केली नाही.

सहदेवनं उभा जन्म विहिरी खणल्या होत्या. धामणखेड आणि आजूबाजूच्या गावांत मिळून सत्तावीस. एकीलाही गोडं पाणी लागलं नाही. त्यात त्याचा काय दोष, पण माणसं बोलायची.

"याच्या हातालेच खार हाये," मागून कुणीतरी म्हणालं. "इतक्या विहिरी खारवल्या, आता वावरं खारवून राह्यला."

माणसं हसली. सहदेवही थोडा हसला, सवयीनं. केसरबाई बायांत बसली होती. तिनं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मंजुळाबाई उठली. "भाऊराव, तुमच्या घरी कोन्तं पाणी पितात?"

"मशीनचंच."

"मंग?"

"पितो ना. नाही म्हनतो का? पण माह्या वावरावर कायले? तुमी बारा जनी मालकीन, पाणी साऱ्या गावाले, अन् खार एकट्या भाऊरावले. हे बसते का?"

सरपंचानं निकाल दिला: उरलेल्या पाण्याची सोय होईस्तोवर मशीन बंद. मुदत एक महिना.

दुसऱ्या दिवशी केसरबाईनं चहा ठेवला तर दूध फाटलं. सहदेवनं तो चहा गाळून कोराच प्यायला.

"कसा हाये?" तिनं विचारलं.

"पहिल्यासारखा," तो म्हणाला.

आठवड्याभरात हिंमतराव आला. तालुक्याच्या गावी त्याचा जारचा धंदा होता, तीन गाड्या फिरायच्या. पांढरी पॅंट सावरत तो सहदेवच्या ओट्यावर बसला. मंजुळाबाईला बोलावून घेतलं होतं. धम्मशीलेनं टाकीत उरलेलं गोडं पाणी तांब्यात आणून दिलं. त्यानं ते चवीनं प्यायलं.

"पाणी चांगलं हाये," तो म्हणाला. "मशीन मी घेतो. तुमच्या बायाईनं जे घातलं ते समदं वापस. जागेचं भाडं सहदेवले. सून कामाले राहीन, पगार देईन. उरलेल्या पाण्याची चिंता माही."

"काय करसान त्याचं?" मंजुळाबाईनं विचारलं.

"टँकरनं नेऊन टाकू कुठीतरी. तुमाले काय करायचं? बाई, पाण्यात आता पैसा हाये. मोठमोठे लोक यात पैसा लावून राह्यले. समुद्राचं पाणी गोडं करून राह्यले, अख्खी शहरं पेतात."

केसरबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "समुद्राचं गोडं केल्यावर उरलेलं कुठी टाकतात ते?"

"समुद्रातच."

"मंग सोपं हाये त्याइचं. आमाले समुद्र नाही."

हिंमतराव हसला. "म्हनूनच म्हंतो, मले देऊन टाका."

"अन् कॅन कितीले देसान?"

त्यानं आकडा सांगितला. बाया आता देत होत्या त्याच्या तिप्पट होता. मंजुळाबाई केसरबाईकडं बघत राहिली. महिना संपला आणि सोय झाली नाही तर हाच भाव कबूल करावा लागणार, हे दोघींना कळत होतं.

"महिना होऊ द्या," मंजुळाबाई म्हणाली. "मंग या."

तो गेल्यावर सहदेव बराच वेळ अंगणात उन्हाकडं बघत होता. मग म्हणाला, "केसर, कपडे वाळाले किती वेळ लागते?"

"आत्ता? घंटाभर."

"हं. अन् पाणी कुठी जाते त्यातलं?"

केसरबाईनं सूप खाली ठेवलं. नवऱ्याचं डोकं कुठं चाललंय ते तिला चाळीस वर्षांच्या सवयीनं कळलं. "तुमी आधी डोक्यावर काही घ्या," ती म्हणाली. "मंग सांगा."

सहदेवनं लोखंडी घमेल्यात बोअरचं खारं पाणी भरून उन्हात ठेवायला काढलं. धम्मशीला म्हणाली, "मामाजी, लोखंड तापते. त्यातलं पाणी उगंच जास्त आटन. प्लास्टिकचा टप गळ्यापर्यंत जमिनीत पुरा." ती अमडापूरची, बारावीला सायन्स घेतलेली, लग्न करून आली तेव्हा इथलं पाणी तिला दोन महिने पचलं नव्हतं. तिनं नवऱ्याची, संघपालची, शाळेतली पट्टी शोधून काढली आणि टपाला आतून बांधली. तीन दिवस रोज सकाळी सहाला तिघंही त्या टपाभोवती वाकून उभी राहायची. पाणी रोज सेंटीमीटरभर उतरत होतं.

धम्मशीलेनं वहीवर गणित मांडलं. "खड्डा पन्नास फूट बाय पन्नास फूट पाहिजे. खोली, बांध धरून, साडेतीन फूट. उन्हाळ्यात रोजचं रोज आटन. पावसाळ्यात मशीन अर्धंच चालवू, तेवढं मावते. अन् भांडे घासाले, संडासाले नेलं लोकाईनं तर आनखीच बरं."

"पन्नास बाय पन्नास," सहदेव म्हणाला. एवढी सलग जागा एकच होती: मशीनच्या खोलीमागची. तिथं संघपालसाठी दोन खोल्या काढायच्या होत्या. पायाच्या विटासुद्धा आणून रचलेल्या होत्या. संघपाल बुलढाण्याला एका खाजगी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायचा, भाड्याच्या खोलीत राहायचा, आठ-पंधरा दिवसांनी एसटीनं यायचा. इथं खोल्या झाल्या की येऊन-जाऊन करायचा विचार होता.

धम्मशीलेनंच फोन लावला आणि सासूच्या हातात दिला. केसरबाईनं सगळं सांगितलं.

"धम्मशीला काय म्हंते?" संघपालनं विचारलं.

"तीच तर हिशोब मांडून बसली."

"मंग मले कायले विचारता," तो म्हणाला. "खोल्या वरती चढवू. जिना बाहेरून घेऊ." मग म्हणाला, "खाली प्लास्टिकचा कागद लागन बरं, शेततळ्याचा. नवा लय महाग. रोहिणखेडकडच्या एकाचं शेततळं गाळानं भरलं, त्याचा जुना काढून ठेवला हाये. मी पायतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहदेवनं दोरी मारली.

जेसीबी आणायचा तर बौद्धपुऱ्याची बोळ पाच फुटांची. मागून भाऊरावच्या वावरातून आला असता, पण सहदेवनं विचारलं तेव्हा भाऊराव म्हणाला, "माह्या वावरातून गाडी नको." म्हणून कुदळच धरावी लागली. वैशाखातली काळी जमीन दगडासारखी. भेगा अशा की पंजा आत जायचा. आदल्या संध्याकाळी बोअरचं पाणी सोडून जमीन भिजवून ठेवायची आणि सकाळी साडेपाचला लागायचं. सहदेव खणायचा, केसरबाई फावड्यानं घमेलं भरायची, धम्मशीला बांधावर टाकून यायची. तिसऱ्या दिवशी धम्मशीलेच्या तळहाताला फोड आले आणि फुटले. ओल्या मातीतली खार त्यात अशी झोंबली की घमेलं टाकून ती खाली बसली.

केसरबाईनं तिचे हात टाकीतल्या गोड्या पाण्यानं धुतले, खोबरेल लावलं, जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. "माह्या हाताले आता काही होत नाही," ती म्हणाली. "पयल्या पयल्यानं मीही रडत होती. विहिरीच्या तळाले उभी राहून." मग दोघी उठल्या.

सहदेवला उकिडवं बसता येत नव्हतं. तो गुडघ्याखाली पोत्याची घडी ठेवून खणायचा. पण कुदळ त्याच्या हातात होती तोवर तो थकल्यासारखा वाटायचा नाही. कुदळ वर गेली की घाव आपल्या वजनानं जिथं पडायला पाहिजे तिथंच पडायचा. दहा वाजता काम थांबायचं. भाकरी, ठेचा, कांदा. मग दिवसभर घरात पडून राहायचं आणि पाचला पुन्हा.

पाचव्या दिवशी मंजुळाबाई आपलं फावडं घेऊन आली. मागं गटातल्या चौघी. "आमचाही वाटा हाये यात," ती म्हणाली. "केसरबाईनं एकटीनं कायले मराव?" त्या दिवसापासून पाळ्या लागल्या. बाया काम करताना बोलायच्या, बोलताना काम चालायचं. दहाची भाकरी एका ठिकाणी सोडली जायला लागली. मंजुळाबाईनं केसरबाईच्या ताटातला ठेचा मागून घेतला, तो झोंबला, आणि पुन्हा मागून घेतला.

भाऊराव रोज आपल्या बांधावर येऊन बसायचा. पंधराव्या दिवशी तो उठून आला आणि खालच्या अंगाच्या बांधावर पाय देऊन पाहिला. माती पायाखाली दबली.

"हा फुटन," तो म्हणाला. "पयल्या पावसात फुटन. अन् फुटला तर कोनाच्या वावरात जाईन?"

"तुमच्याच," सहदेव म्हणाला.

"मंग?"

"मंग तुडवला पाहिजे. पण बैल कुठून आनू?"

भाऊराव निघून गेला. संध्याकाळी तो आपल्या वावरातून बैलजोडी घेऊन आला आणि बांधावर चढवली. बैल पुढं-मागं फिरवले, सावकाश. सहदेवनं वरून पाणी शिंपडलं, केसरबाईनं माती टाकली, पुन्हा बैल फिरले. अंधार पडेपर्यंत तेवढा एक बांध गच्च झाला.

"बाकीचे तीन?" केसरबाईनं विचारलं.

"उद्या," भाऊराव म्हणाला. "बैल दमले." मग म्हणाला, "पाणी असन तर द्या."

"गोडं संपलं हो. बोअरचं हाये."

"दे बाई. जन्मभर तेच पेलं."

रविवारी संघपाल एका पिकअपमध्ये जुना कागद घालून आला. पिकअप बोळीच्या तोंडाशी थांबली. बारा माणसांनी ती काळी गुंडाळी खांद्यावर घेऊन आत आणली. कागदाला नऊ भोकं होती. धम्मशीला आणि संघपालनं बसून एकेक भोक शोधलं, ठिगळं चिकटवली. सहदेवनं तळाची माती हातानं चाचपून खडा न् खडा वेचला. नळीत पाणी भरून चारी कोपऱ्यांची पातळी घेतली. फरक दोन बोटांचा निघाला. त्यानं तो सारखा केला आणि मगच कागद पसरू दिला.

महिन्याला दोन दिवस उरले असताना मशीन सुरू झालं. सरपंच आले, नारळ फोडला. मागच्या नळीतून पाणी काळ्या कागदावर पसरलं, उन्हात चमकायला लागलं. पोरांनी कडेला गर्दी केली. हिंमतरावचा फोन मंजुळाबाईला त्याच संध्याकाळी आला. ती म्हणाली, "सोय झाली, भाऊ," आणि त्याच्या घरची खुशाली विचारली.

पण सहदेवचं काम संपलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी तो फावडं घेऊन भाऊरावच्या वावरात उतरला. मागं केसरबाई, घमेलं घेऊन.

"आता काय?" भाऊरावनं विचारलं.

"वरची खार खरवडतो. बोटभर माती काढून घेतो. मंग तलावाचा गाळ टाकू दोन ट्रॉल्या. गटाच्या बाया देतात ट्रॉलीचं."

"पंचायतीनं सांगितलं का?"

"नाही."

भाऊरावनं धोतराचा काचा मारला आणि दुसऱ्या बाजूनं खरवडायला सुरुवात केली. चार दिवस ते तिघं त्या पांढऱ्या तुकड्यावर होते. तिसऱ्या दिवशी भाऊरावची बायको सोजराबाई सगळ्यांची भाकरी घेऊन आली आणि बांधावर बसून सहदेवला आधी वाढली, कारण तो वयानं मोठा होता.

पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी बांधाच्या वीतभर खालीच राहिलं. त्या तुकड्यात तूर उगवली. विरळ, बाकीच्या वावरापेक्षा हातभर ठेंगणी, पण उगवली. भाऊराव येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचा. दिवाळीला गटानं पहिल्यांदा नफ्याचे वाटे केले. खड्ड्याच्या जागेसाठी केसरबाईचा आणखी एक वाटा धरावा, असं मंजुळाबाईनं सुचवलं आणि कुणी नाही म्हटलं नाही. त्यातून संघपालचा जिना झाला.

माघात नदीपलीकडच्या एका गावाहून गाडी आली. त्यांनाही मशीन बसवायचं होतं आणि उरलेल्या पाण्यावरून तिथंही भांडण लागलं होतं. "तुमी चाला," आलेला माणूस सहदेवला म्हणाला. "मजुरी नाही, मिस्त्रीचा रोज देऊ." सहदेवनं धुतलेला सदरा घातला. केसरबाईलाही त्यांनी बसा म्हटलं. दोघं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून गेले; वाटेत हरभऱ्याची वावरं हिरवीगार होती आणि केसरबाईनं काच खाली करून घेतली.

तिथं गावानं आधीच जागा आखून ठेवली होती. चुन्याच्या रेघा, चार खुंट्या. दहा-बारा माणसं गोल उभी होती. कुणीतरी खुर्च्या आणून मांडल्या. सहदेव खुर्चीवर बसला, केसरबाई त्याच्या शेजारी. चहा आला. सरपंच म्हणाला, "सांगा, मिस्त्री. खड्डा किती फूट घ्यायचा? कुठून सुरुवात करायची?"

सहदेवनं चहा संपेपर्यंत जमिनीचा उतार पाहिला. खुंट्यांच्या पलीकडं नांगरलेलं एक वावर होतं, नीट राखलेलं, बांधावर बोरीचं झाड.

"खालच्या अंगाले हे वावर कोनाचं हाये?" त्यानं विचारलं.

एक जण म्हणाला, "हाये एकाचं. तो काही येत नाही मीटिंगले. भांडखोर हाये."

"त्याले बोलवा आधी," सहदेव म्हणाला.

एक जण मोटारसायकल काढून गेला. केसरबाईनं रिकामी कपबशी खुर्चीखाली सरकवली. ऊन कोवळं होतं. दोघं वाट बघत बसले.